बिडी, बऱ्हाणपूर आणि वारीची सोबत



पंचाहत्तरी झाली. गळ्याने रजा घेतली, त्यामुळे आता मी कीर्तनाला उभा राहत नाही, खाली बसून ऐकतो. बसल्या जागी जुनी पुस्तके चाळायला वेळ मिळतो आणि जी गोष्ट चाळीस वर्षे कीर्तनात सांगायची राहून गेली, ती लिहून टाकावी असे वाटते. ती आहे व्यसन सोडण्याची. त्यातही आपल्या खानदेशात ते कोणी, कसे आणि कुणाच्या आधाराने सोडले याची. या गोष्टीत बादशहा आहेत, शहजादे आहेत, सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल बांधव आहेत, आणि शेवटी एक बिडी ओढणारा कीर्तनकारही आहे. तो मीच.

आधी तंबाखूचे मूळ पाहू. ज्ञानोबारायांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा या देशात तंबाखूचे पान कोणी पाहिलेलेही नव्हते. नामदेवरायांनी पाहिले नाही, आपल्या मुक्ताईने पाहिले नाही. ही वनस्पती अमेरिकेतली. पोर्तुगीज लोकांनी ती समुद्रावरून गोव्याकडे आणली आणि तिथून ती विजापूरच्या दरबारात गेली. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा एक सरदार १६०४ च्या सुमारास विजापूरला वकिलीसाठी गेला होता. त्याने तिथे तंबाखू आणि ती ओढायची नळी पाहिली आणि नवलाची भेट म्हणून आग्ऱ्याला नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने विरोध केला. हे आपल्या ग्रंथांत नाही, आपल्याला ठाऊक नाही, घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. बादशहाने स्वतः सवय लावून घेतली नाही, पण सरदारांना चटक लागली. मग व्यापारी आणू लागले आणि थोड्याच वर्षांत गावोगाव धूर निघू लागला.

दक्षिणेतून आग्ऱ्याला जाणारा हमरस्ता त्या काळी बऱ्हाणपूर आणि अशीरगडावरून जाई. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी त्या वेळी खानदेश सुभ्याची ती राजधानी होती. आमच्या रावेरच्या माणसाला आजही ते परके गाव वाटत नाही. तापी तीच, केळीचे मळे तेच.

आता एक विचार मांडतो, तो माझा आहे, पटला तर घ्या. आपल्या माळेच्या पथ्यात मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, वारी हे सगळे ठळक आहे. तंबाखूबद्दल मात्र माळकऱ्यांतही चालढकल दिसते. ‘त्याला कुठे बंदी आहे?’ असे गळ्यात माळ असलेली माणसे मला विचारत, आणि तोंडाने विचारण्याआधी चुन्याची डबी उघडत. मला वाटते, पथ्यांची घडी बसली तेव्हा ही वस्तू इकडे नव्हती, म्हणून तिचे नाव त्यात आले नाही. नाथबाबांनी १५९९ ला देह ठेवला, तोवरही तिचा बोलबाला झालेला नव्हता. पण तुकोबारायांच्या काळापर्यंत ती घराघरांत शिरली होती. म्हणून तर त्यांच्या गाथ्यात तंबाखू ओढणाऱ्याची कडक शब्दांत कानउघाडणी आहे. तेव्हा ‘संतांनी सांगितले नाही’ ही पळवाट माझ्यापुरती तरी बंद होती. मला ते अभंग पाठ होते. पाठ असूनही मी ओढत होतो.

बऱ्हाणपूरचे नाव निघाले म्हणून तिथली एक हकीगत सांगतो. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि आपला धाकटा मुलगा दानियाल याला इकडचा कारभार दिला. मुलाच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ असेही नाव दिले. नाव टिकले नाही आणि मुलगाही टिकला नाही. दानियालला दारूचे व्यसन होते. त्याचा मोठा भाऊ मुराद दक्षिणेतच १५९९ मध्ये दारूपायी गेला होता, त्यामुळे बापाच्या जिवाला घोर लागला. अकबराने कडक हुकूम पाठवले. देखरेखीला खानखानान अब्दुर्रहीम होता. हाच तो दोह्यांचा रहीम, दानियालचा सासरा. दारावर माणसे बसली, दारू आत जाणे बंद झाले.

पुढचे जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. दानियालला बंदुकीचा शौक होता. आपल्या एका लाडक्या बंदुकीला त्याने ‘यका-ओ-जनाजा’ असे नाव दिले होते. जिला गोळी लागली तिची तिरडीच, असा त्याचा रोख. दारू बंद झाल्यावर तो नोकरांच्या पाया पडू लागला, रडू लागला. शेवटी एका बंदूकवाल्याने त्याच बंदुकीच्या नळीत दुबार गाळलेली दारू भरून आत आणली. नळीतला गंज आणि बंदुकीच्या दारूची घाण त्यात उतरली होती. दानियालने ती प्यायली, अंथरूण धरले आणि तो गेला. साल १६०५, वय तेहतिसाच्या घरात.

मी ही हकीगत पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या बंदूकवाल्याचा राग आला. पुढे पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचली, तेव्हा मात्र दारावरच्या पहाऱ्याकडे लक्ष गेले. त्या एवढ्या मोठ्या वाड्यात शहजाद्याजवळ बसणारा कोणीच नव्हता का? बाप आग्ऱ्याला. सासरा हुकमाचा ताबेदार. नोकरांना एकतर बादशहाची भीती, नाहीतर शहजाद्याच्या बक्षिसाची आशा. ‘चल, आजची रात्र मी तुझ्यापाशी जागतो,’ असे म्हणणारे एकही माणूस त्या हकिगतीत येत नाही. आपल्यात एखाद्या शेतकऱ्याचा पोर दारूला लागला तर निदान आत्या येऊन रडते, मामा येऊन दोन दिवस राहतो.

तिसरा भाऊ सलीम, म्हणजे जहांगीर, हाही तितकाच पिणारा होता. दिवसाला वीस पेले, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. हात इतके थरथरत की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. तो वाचला कशाने? हकीम हुमाम नावाच्या वैद्याने जवळ बसून, कळवळ्याने आणि स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांनंतर आमच्या हातात काही राहणार नाही. त्या दिवसापासून त्याने पेले कमी करत आणले आणि सात वर्षांत ते सहावर आले. पूर्ण सुटले नाही, अफूही होतीच. पण तिघा भावांत जगला तो हाच. पुढे याच जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. त्या हुकमाचे काय झाले हे कोणत्याही पानटपरीवर उभे राहून पाहावे.

हुकमाला मी नावे ठेवत नाही. २००३ चा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आली, २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. एसटीत आता कोणी बिडी पेटवत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या तरुणपणी जळगाव-धुळे गाडीत मागच्या बाकावर धुरामुळे माणसाचे तोंड दिसत नसे. पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांत सुमारे सत्तावीस जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यांत ओढणारे जेमतेम चार. बाकी खाणारे, मळणारे, मिशरी लावणारे. म्हणजे धूर कमी झाला, डबी मात्र राहिली.

आता सातपुड्याकडे वळू. आपला खानदेश १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा दोन जिल्ह्यांत विभागला गेला. पूर्वेचा आज जळगाव, पश्चिमेचा धुळे. धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. या पश्चिम खानदेशात तळोदे तालुक्यात मोरवड नावाचे गाव आहे. तिथे भिल्ल समाजात गुलाम महाराज झाले. मी सांगतो तो काळ १९३७-३८ चा. फैजपूरची काँग्रेस तेव्हा नुकतीच होऊन गेली होती.

तिथल्या लोकांची स्थिती काय होती? मोहाची दारू त्यांच्या घरची, देवाच्या पूजेतली. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरी गाळणे गुन्हा ठरले आणि प्यायची असेल तर ठेकेदाराच्या दुकानावरून विकत घ्यायची अशी वेळ आली. हातात पैसा नसे. मग उधारी, उधारीपायी धान्य, धान्यापायी जमीन. जमिनीचा मालक आपल्याच शेतात सालदार झाला. त्यात ज्याला त्याला ‘तू’ म्हणायचे, ‘ए’ म्हणायचे. जंगलचा शिपाई म्हणे, सावकार म्हणे, सावकाराचा पोरगाही म्हणे.

गुलाम महाराजांनी लोकांना सोमवारी एकत्र यायला सांगितले. आंघोळ करून, स्वच्छ होऊन यायचे, आरती करायची, दारू सोडायची. आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायचे. बायकोने नवऱ्याला आप, नवऱ्याने बायकोला आप, थोराने पोरालाही आप. भेटले की ‘आप की जय’. म्हणून तो ‘आप धर्म’. हजारोंनी माणसे मोरवडला येऊ लागली आणि ठेक्याची दुकाने ओस पडू लागली.

माउली, मी जन्मभर निरूपण केले, पण दारू सोडवण्याआधी माणसाला ‘आप’ म्हणावे हे मला सुचले नसते. ज्याला उभ्या आयुष्यात कोणी मानाने हाक मारली नाही, त्याला ‘आप’ म्हटले की तो आपल्या हातातल्या भांड्याकडे निराळ्या नजरेने पाहत असेल. आपण वारीत काय करतो? टाळकरी पखवाज्याच्या पाया पडतो, पखवाजी टाळकऱ्याच्या, आणि अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतो. सवयीने आपल्याला त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मोरवडच्या माणसांना ते नवे होते, म्हणून त्याचा जोर कळला.

गुलाम महाराज १९३८ मध्येच गेले. त्यांच्यामागे भाऊ रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली. एवढी माणसे एका जागी जमतात, पीत नाहीत आणि मान वर करून बोलतात, हे ज्यांना खुपायचे त्यांना खुपले. रामदास महाराजांना सरकारने जिल्ह्याबाहेर काढले. दारू सोडली म्हणून हद्दपारी! त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९२२-२३ मध्ये, नवापूरच्या पलीकडे दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांतही असेच घडले होते. देवी अंगात येते आणि दारू-ताडी सोडा म्हणते, अशी लाट गावामागून गाव गेली होती. आणि पुढे १९७२-७३ च्या सुमारास शहाद्याच्या बाजूला अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे भूमिहीन लोक उभे राहिले, तेव्हा तिथल्या बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. भजने म्हणत म्हणून अंबरसिंगांनाही लोक महाराजच म्हणत. बायका मडकी फोडायला एकेकट्या गेल्या नव्हत्या, घोळक्याने गेल्या होत्या. एकटी गेली असती तर घरी परत आल्यावर तिचे काय झाले असते ते सांगायला नको.

आता माझे.

मला बिडी लागली विसाव्या वर्षी, सप्ताहात. रात्री अकराला कीर्तन संपते, मग जागर. जागरात डोळा लागू नये म्हणून चहा, चहावर बिडी. पहिली कोणी दिली त्याला दोष देत नाही, हात मी पुढे केला होता. पस्तिशीला आलो तेव्हा दिवसाला एक बंडल पुरत नसे. चढी चाल घेताना आवाज फाटू लागला, तरी मी पखवाज्याला म्हणे, ‘जरा सूर उतरव.’ दोष सुराचा!

१९८५ च्या फेब्रुवारीत साक्री तालुक्यातल्या एका गावात सप्ताह होता. पाचव्या दिवशीचे कीर्तन माझे. मी व्यसनावर बोललो, तुकोबारायांचा तंबाखूवरचा अभंग सोडवून सांगितला. लोक डोलले. कीर्तन झाले, आरती झाली आणि मी देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून बिडी पेटवली. तेवढ्यात एक साठीची बाई अंधारातून आली. कपाळाला बुक्का, हातात काही नाही. म्हणाली, ‘‘महाराज, मी मिशरीनी डबी आत्तेच नदीमा फेकी दिधी. तेच सांगाले उनू.’’ मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली.

मी बिडी खाली टाकली. ती तिथेच धुमसत राहिली, विझवायचेही सुचले नाही. त्या माउलीने मला बोल लावला असता तर बरे झाले असते, बोल ऐकायची मला सवय होती. ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही बी सोडी द्या. दोन्हीजण मिळी सोडूत. आषाढीले भेटूत.’’ दशमीला दुपारी पुंडलिकाच्या देवळापाशी भेटायचे ठरले. ती आपल्या गावच्या दिंडीने येणार, मी मुक्ताईच्या पालखीबरोबर.

मी सोडली. नऊ दिवस. मग एका लग्नात धरली. पुन्हा सोडली, पुन्हा धरली. कोणाला काही सांगितले नव्हते, त्यामुळे सोडल्याचेही कोणाला कळले नाही आणि धरल्याचेही नाही. आषाढात पंढरीला पोचलो. दशमीच्या सकाळी दोन ओढल्या होत्या. दुपारी पुंडलिकाकडे गेलोच नाही. वाळवंटात लांबूनच वळलो. पुढे दिवाळीत त्या गावचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळले की ती बाई दिवे लागेपर्यंत तिथे बसून होती. आयुष्यात मी हजारभर कीर्तने केली असतील. त्या एका संध्याकाळचे ओझे त्यांनी उतरत नाही.

१९८६ ला कोथळीहून पालखी निघायच्या आदल्या रात्री मी आमच्या दिंडीपुढे उभा राहिलो आणि सगळे सांगितले. साक्रीचे, बिडीचे, पंढरीला तोंड चुकवल्याचेही. पाय कापत होते. आमचे विणेकरी साठीचे, शेती करणारे, शाळा दोन यत्ता. त्यांनी उपदेश केला नाही. विचारले, ‘‘महाराज, तुमची बिडीची वेळ कोणती?’’ मी सांगितले: पहाटे चहावर, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री कीर्तनानंतर. त्यांनी तिथल्या तिथे तिन्ही वेळा वाटून दिल्या. पहाटे चहा झाला की एका पोराला मी हरिपाठ शिकवायचा, चालता चालता. दुपारच्या विसाव्याला म्हाताऱ्या बायकांना ज्ञानेश्वरी वाचून दाखवायची. रात्रीची वेळ अवघड, ती त्यांनी स्वतःकडे घेतली. कीर्तन झाले की आम्ही दोघे तळाभोवती एक फेरी मारायची. माझे खिसे कोणी तपासले नाहीत. माझ्यावर नजर ठेवल्याचे मला एकदाही जाणवले नाही.

तिसरा-चौथा दिवस वाईट गेला. डोके धरून राही, झोप नाही, हात कशाला तरी चाचपत. राजूरच्या घाटात मी चोपदारावर उगाच खेकसलो. त्याने हात जोडले आणि पुढे गेला. हे सगळे तंबाखूतल्या निकोटीनमुळे होते, हे मला पुढे एका डॉक्टरांनी समजावले. शरीराला त्याची सवय झालेली असते, ती मोडताना पहिले काही दिवस फार जड जातात आणि मग हळूहळू उतार पडतो. तलफ आली तरी एकेक लाट थोड्या मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. विणेकऱ्यांना निकोटीन हा शब्द माहीत नव्हता, पण तेवढा वेळ कसा काढायचा ते माहीत होते.

दिंडीत सगळेच असे नव्हते, खोटे कशाला सांगू. एक जण रोज म्हणे, ‘‘महाराज, जा कोपऱ्यात जाऊन या, आम्ही पाहत नाही.’’ चिखलीला मुक्काम होता, सातवा दिवस. त्याने तेच म्हटले, चारजण हसले, आणि मी रागाच्या भरात दुकानावर जाऊन बंडल घेतले. अर्धी बिडी ओढली. चक्कर आली, थुंकलो, रडलो. रात्रीच्या फेरीला विणेकऱ्यांना सांगितले. वाटले, आता हे वीणा दुसऱ्याकडे देतील आणि मला दिंडीतून जा म्हणतील. ते म्हणाले, ‘‘किती दिवस झाले होते?’’ मी म्हटले, सहा पूर्ण, सातवा चालू होता. ‘‘मग ते सहा कुठे गेले नाहीत. जमेला आहेत. उद्या सातवा धरा.’’ आणि उरलेले बंडल मागूनही घेतले नाही. मीच ते मुक्कामाच्या चुलीत टाकले.

जालना गेले, बीड गेले. बीडच्या पुढे कधीतरी लक्षात आले की सकाळी हरिपाठ शिकवताना चढा सूर लागतो आहे.

दशमीला पुंडलिकापाशी गेलो. ती आलेली होती, पुढ्यात लाह्यांची पिशवी घेऊन बसली होती. मी आधी गेल्या सालची माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘बाबा, मी बी गहू काढताना दोनदा लावी लिधी. तुमले काय सांगू म्हणून माले बी भ्याव वाटे.’’ तिची शपथ अखंड राहिली आणि माझी मोडली, असे मी वर्षभर धरून चाललो होतो. दोघेही हसलो. मग तिने मला मूठभर लाह्या दिल्या. पुढची सहा वर्षे आम्ही त्याच जागी भेटलो. सातव्या वर्षी तिच्याऐवजी तिची सून आली.

त्यानंतर मी व्यसनावरचे कीर्तन बदलले. ‘सोडा, सोडा’ म्हणून आवाज चढवणे कमी केले. कीर्तन संपल्यावर, जो सोडतो म्हणाला त्याच्याबरोबर कोण राहणार, हे गावाला विचारू लागलो. घरचे कोण, शेजारचे कोण, पहाटे कोण, रात्री कोण. दर वेळी जमले असे नाही. पुष्कळांची सुटली नाही. दोघे तर माझ्या डोळ्यांदेखत तोंडाच्या कर्करोगाने गेले, त्यांतला एक उत्तम टाळकरी. त्याच्या घरच्यांनी त्याला इतके टोचून बोलले होते की तो शेवटी त्यांच्यासमोर बसून तंबाखू मळी.

आता सोयीही वाढल्या आहेत. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी सल्ला मिळतो. डॉक्टर गरज पडली तर औषध देतात, च्युइंगमसारखी गोळी देतात. ती घेण्यात काही कमीपणा नाही. सरकारचा एक बिनपैशाचा फोनही आहे, १८००-११-२३५६. सोडणाऱ्याशी तिथे कोणीतरी बोलते. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्यासारख्याला ते १९८६ ला कोणी सांगितले असते तर मी मान डोलावली असती आणि बाहेर जाऊन पेटवली असती. पण प्रत्येकाचे दार निराळे असते, कोणाचे आकड्यांनी उघडते.

तुमच्या दिंडीत, तुमच्या फडावर असा कोणी असेल तर त्याची वेळ कोणती ते विचारा. चिखलीला जो हसला होता, त्यालाही मी दोष देत नाही. पुढे तोच माझ्याकडे आला होता, चुन्याची डबी घेऊन, पण ती हकीगत त्याची आहे, मी सांगणार नाही.

सध्या आमच्या गल्लीतला एक मुलगा येतो. वय तेवीस, जिनिंगमध्ये कामाला, गुटख्याची पुडी बंद झाली तरी त्याला कुठून तरी मिळतेच. त्याची वेळ संध्याकाळी कामावरून सुटल्यावरची. म्हणून तो सुटला की घरी न जाता माझ्याकडे येतो. मी त्याला हरिपाठ म्हणायला लावतो, त्याचे उच्चार भयंकर आहेत. काल त्याचा चौथा दिवस होता. चिडचिड करत होता, पाठ होत नाही म्हणून पोथी मिटून उठला. मी काठी घेतली आणि म्हटले, चल, जरा वेशीपर्यंत जाऊन येऊ. माझ्या गुडघ्यामुळे अर्धा तास लागला. तो आज येतो म्हणाला आहे.